एका सहीचे मोल

दिवाळीच्या फराळाच्या ताटात आंतरराष्ट्रीय कराराची कथा वाढणे, हे कित्येक वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. पण याच दिवसांत आपल्याकडचा व्यापारी वहीपूजन करतो, जुने येणेदेणे पाहतो आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' घालतो. तेव्हा दिलेल्या शब्दाची आणि थकलेल्या देण्याची गोष्ट दिवाळीत अगदीच परकी ठरू नये. माझ्या गोष्टीतला देणेकरी मात्र कोणी वाणी-उदमी नाही. ते एक श्रीमंत, सुशिक्षित आणि जगात सज्जन म्हणून नावाजलेले राष्ट्र आहे. ते राष्ट्र म्हणजे कॅनडा, आणि ज्या कागदावरची आपली सही त्याने मागे घेतली, तो कागद म्हणजे क्योटोचा करार.

बदनाम माणसाने शब्द मोडला तर त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. कॅनडाची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती याच कारणाने, की या कामात तो देश एकेकाळी सर्वांच्या पुढे होता. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली जो करार झाला तो मॉन्ट्रियल शहरात. पुढच्याच वर्षी, १९८८ च्या जूनमध्ये, बदलत्या वातावरणाचा विचार करण्यासाठी शास्त्रज्ञ आणि राज्यकर्ते जमले ते टोरंटोत. मनुष्यजात नकळत साऱ्या पृथ्वीवर एक प्रयोग करीत आहे आणि त्याचा शेवट अणुयुद्धाच्या खालोखाल भयंकर होऊ शकेल, अशा आशयाचा इशारा त्या परिषदेने दिला. २००५ सालापर्यंत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वीस टक्क्यांनी खाली आणावे, अशी शिफारसही केली. १९९२ साली रिओ द जानेरो येथे जी वसुंधरा परिषद भरली, तिचे सरचिटणीस मॉरिस स्ट्राँग हेही कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातले. सारांश, यजमानही कॅनडाचे आणि पुरोहितही कॅनडाचेच, असा तो काळ होता.

यानंतर ११ डिसेंबर १९९७ रोजी जपानमधल्या क्योटो या जुन्या राजधानीत करार संमत झाला. त्याचे सार चार ओळींत सांगता येईल. ज्या देशांनी कोळसा आणि तेल जाळून आधी समृद्धी मिळवली, त्यांनी आधी हात आखडता घ्यावा. १९९० सालचा धूर हे माप धरावे, आणि २००८ ते २०१२ या पाच वर्षांत त्याहून कमी धूर सोडावा. युरोपीय संघाने आठ टक्के, अमेरिकेने सात टक्के, जपानने सहा टक्के घट कबूल केली. कॅनडानेही सहा टक्के हा आकडा घेतला.

हा आकडा कसा ठरला, हे पाहण्यासारखे आहे. क्योटोच्या थोडेच आधी, नोव्हेंबर महिन्यात, रेजायना येथे मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांची बैठक झाली होती. तिथे २०१० च्या सुमारास १९९० च्या पातळीवर परत यावे, इतपतच एकवाक्यता झाली होती. क्योटोला गेल्यावर पंतप्रधान झाँ क्रेतियाँ यांचे सरकार त्यापुढे सहा टक्के गेले. शेजारची अमेरिका सात म्हणते आहे, मग आपण फार मागे कसे राहायचे, हा विचार त्यात मोठा होता. मला या गोष्टीची गोम इथेच दिसते. लग्नकार्यात शेजाऱ्याने किती खर्च केला हे पाहून आपला आकडा ठरवावा आणि घरातल्या कर्त्या मुलांना तो मांडवात गेल्यावर कळावा, तसाच हा प्रकार झाला. आणि कॅनडात खाणी, तेल, जंगल या साऱ्या संपत्तीवर हक्क आहे तो प्रांतांचा!

त्या प्रांतांपैकी अल्बर्टाची कथा निराळीच आहे. तिथे अथाबास्का नदीच्या काठी डांबरासारख्या तेलाने माखलेली वाळू आहे. हे तेल विहिरीतून पाण्यासारखे उपसता येत नाही. कुठे वाळू खणून गरम पाण्याने धुवावी लागते, तर कुठे जमिनीच्या पोटात वाफ सोडून ते पातळ करावे लागते. त्या पाण्याला आणि वाफेला आच लागते, आणि ती आच बहुतांशी नैसर्गिक वायू जाळूनच मिळते. म्हणजे गाडीत तेल जळण्याच्या आधीच ते काढताना बराच धूर झालेला असतो. १९६७ साली या धंद्याची व्यापारी सुरुवात झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तेलाचे भाव चढले तसा तिथे पैशाचा पूर लोटला. एका हाताने धूर कमी करण्याच्या कागदावर सही करायची आणि दुसऱ्या हाताने हा धंदा वाढवायचा, असा तो दुहेरी संसार होता.

२००१ च्या मार्चमध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी क्योटोकडे पाठ फिरवली. ज्या शेजाऱ्याकडे पाहून आकडा लिहिला, तोच पंगतीतून उठला. तरीही क्रेतियाँ यांनी माघार घेतली नाही. अल्बर्टाचे मुख्यमंत्री राल्फ क्लाइन यांचा कडवा विरोध असताना १० डिसेंबर २००२ रोजी लोकसभागृहाने १९६ विरुद्ध ७७ मतांनी करारास पाठिंबा दिला, आणि १७ डिसेंबरला कॅनडाच्या मान्यतेचा कागद संयुक्त राष्ट्रांकडे दाखल झाला. त्या दिवशी कित्येक कॅनेडियन नागरिकांना आपल्या देशाचा अभिमान वाटला असेल, आणि तो खोटा नव्हता. उणीव एवढीच होती, की शब्द दिला गेला तरी तो पाळायचा कसा याचा पक्का आराखडा कोणाच्याच हाती नव्हता.

पुढे रशियाच्या मान्यतेने १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार अमलात आला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला करारातल्या देशांची पहिली बैठक पुन्हा मॉन्ट्रियललाच सुरू झाली. पर्यावरणमंत्री स्टेफान डियाँ तिचे अध्यक्ष होते. आपल्या कुत्र्याचे नावसुद्धा त्यांनी 'क्योटो' ठेवले होते, यावरून त्यांच्या निष्ठेची कल्पना यावी. पण इतिहासाला थट्टा करण्याची खोड असते. ज्या दिवशी ही बैठक उघडली, नेमक्या त्याच दिवशी ओटावात पॉल मार्टिन यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मंजूर झाला. पाहुणे दिवाणखान्यात बसलेले आणि यजमानाच्या घराचा ताबा बदलतो आहे, असे ते दृश्य होते!

२००६ च्या आरंभी स्टीफन हार्पर पंतप्रधान झाले. हा गृहस्थ मनात एक आणि ओठांत दुसरे असा नव्हता. २००२ सालीच एका पत्रात त्यांनी क्योटोची 'समाजवादी योजना' म्हणून संभावना केली होती. त्यांच्या सरकारने लवकरच सांगून टाकले, की क्योटोचा आकडा गाठणे शक्य नाही. यावर विरोधी पक्षांनी २००७ साली, सरकारची इच्छा नसतानाही, क्योटोची अंमलबजावणी सक्तीची करणारा कायदा संसदेत मंजूर करून घेतला. सरकारने तो पाळला नाही. पर्यावरणवादी मंडळी न्यायालयात गेली, तेव्हा २००८ साली निकाल मिळाला की हा प्रश्न न्यायालयाने सोडवण्याजोगा नाही. त्याच वर्षाच्या निवडणुकीत डियाँ यांनी, आता विरोधी पक्षाचे नेते म्हणून, धुरावर कर बसवण्याची योजना लोकांपुढे मांडली आणि ते हरले. म्हणून सारा दोष एकट्या हार्परांच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. क्योटोवर प्रेम करणारे पुष्कळ होते. त्याची किंमत मोजायला तयार असणारे थोडे होते.

अखेरचा अंक २०११ च्या डिसेंबरात घडला. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची परिषद ११ तारखेला संपली आणि लगेच १२ तारखेला पर्यावरणमंत्री पीटर केंट यांनी ओटावात जाहीर केले, की कॅनडा क्योटोतून बाहेर पडत आहे. त्यांचा हिशेब असा : उरलेल्या मुदतीत शब्द पाळायचा तर देशातली प्रत्येक मोटार, ट्रॅक्टर, रुग्णवाहिका रस्त्यावरून काढावी लागेल, किंवा सारी शेती बंद करून घराघरांतली ऊब तोडावी लागेल. तसे न केले तर सुमारे चौदाशे कोटी डॉलर, म्हणजे दर कुटुंबामागे सोळाशे डॉलर, परदेशी पाठवावे लागतील.

हा हिशेब ऐकणाऱ्याला हबकवणारा होता खरा. पण तो नीट पाहिला पाहिजे. क्योटोच्या करारात पोलीस नव्हता आणि दंडाची पावतीही नव्हती. जो देश कमी पडेल त्याने तूट पुढच्या मुदतीत तीस टक्के जादा धरून भरून काढावी, ही मुख्य शिक्षा होती. चौदाशे कोटींचा आकडा होता तो तूट भरण्यासाठी इतरांकडून धूरकपातीचे हक्क विकत घेण्याचा. आणि ती तूट एवढी का साचली? २००९ साली कॅनडाचा धूर १९९० पेक्षा सुमारे सतरा टक्क्यांनी वर होता. दहा वर्षे हप्ता न भरता शेवटच्या महिन्यात सगळी रक्कम एकदम दाखवली, तर कोणतेही कर्ज राक्षसी दिसणारच.

आता तारखांकडे पाहा. कराराच्या सत्ताविसाव्या कलमात लिहिले होते, की करार लागू झाल्यावर तीन वर्षांनी कोणीही लेखी सूचना द्यावी, आणि सूचना मिळाल्यापासून वर्षभराने मोकळे व्हावे. कॅनडाची सूचना १५ डिसेंबर २०११ रोजी पोहोचली. माघार अमलात आली १५ डिसेंबर २०१२ रोजी. क्योटोची मुदत संपत होती ३१ डिसेंबरला. म्हणजे हिशेबाच्या वह्या मिटायला सोळा दिवस उरले असताना कॅनडा दुकानातून बाहेर पडला! मान्यता देऊन बाहेर पडलेला तो पहिलाच देश. अमेरिकेने सही केली होती, पण मान्यता कधी दिलीच नव्हती.

ही माघार कायदेशीर होती का, असा प्रश्न मॉन्ट्रियलचे कायद्याचे प्राध्यापक दानिएल तुर्प यांनी न्यायालयात नेला. २००७ चा कायदा जिवंत असताना सरकारला असे निघून जाता येते का, असा त्यांचा आक्षेप होता. तो कायदा २०१२ च्या जूनमध्ये अर्थसंकल्पाच्या भल्या मोठ्या विधेयकाच्या पोटात घालून रद्द करण्यात आला, आणि जुलैमध्ये तुर्प यांचा दावा फेटाळला गेला. करारात शिरणे काय किंवा त्यातून निघणे काय, तो कार्यकारी सरकारचा अधिकार आहे, असे न्यायालयाने धरले. आत जाताना सभागृहात १९६ माणसे उभी राहिली. बाहेर पडायला एक पत्र पुरले.

बाहेर पडल्याने कोणाचे काय गेले? प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या बेटांच्या प्रतिनिधीने हा आपल्या भविष्याचा घात असल्याचे म्हटले. ज्यांची भूमी समुद्रापासून जेमतेम काही हात वर आहे, त्यांना ही भाषा शोभते. चीनने खेद व्यक्त केला. भारताच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी त्याच डर्बनला, सव्वाशे कोटी लोकांच्या उपजीविकेच्या प्रश्नावर कोरा धनादेश लिहून देण्यास नकार दिला होता. आधीचे देणे थकवणारे नवे कागद पुढे करू लागले, तर गरीब घरच्या माणसाने सावध राहू नये तर काय करावे?

या गोष्टीचा एक बारीक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंतही येतो. क्योटोत अशी सोय होती, की गरीब देशात स्वच्छ विजेचा प्रकल्प उभारला तर त्याने वाचवलेल्या धुराचे हक्क श्रीमंत देशांनी विकत घ्यावेत. सातारा-धुळ्याकडच्या डोंगरपठारांवर ज्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्यांपैकी काही प्रकल्पांची नोंद याच योजनेत झाली होती. २००८ साली एका टनामागे वीस युरोंच्यावर गेलेला हा भाव २०१२ च्या अखेरीस एका युरोच्याही खाली आला. युरोपातली मंदी आणि हक्कांचा सुकाळ ही त्याची मोठी कारणे. पण बाजारात येऊ शकणारे एक सधन गिऱ्हाईक पाठ फिरवून गेले, हेही त्यात होतेच.

कॅनडाची बाजू मांडणारे म्हणतात, की अमेरिका आणि चीन बंधनाबाहेर असताना जगातला सुमारे दोन टक्के धूर सोडणाऱ्या आम्ही तेवढे का सोसावे? हा युक्तिवाद पोकळ नाही. पण चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने हेच म्हटले, तर जिना झाडायचा कोणी?

२०१५ च्या पॅरिस कराराने यावरून एक धडा घेतला. आता प्रत्येक देश आपला आकडा आपणच लिहितो आणि तो चुकला तर शिक्षा नाही. बंधन सैल केले म्हणजे कोणी पळणार नाही, अशी आशा होती. तरी अमेरिका ४ नोव्हेंबर २०२० रोजी बाहेर पडली, १९ फेब्रुवारी २०२१ रोजी परत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत तिने पुन्हा बाहेर पडण्याची सूचना दिली. दोर सैल केल्याने गाठ टिकतेच असे नाही.

कॅनडा पॅरिसमध्ये आहे. २९ जून २०२१ रोजी त्याच्या लिटन या गावी पारा ४९.६ अंशांवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी आगीत ते गाव बेचिराख झाले. २०२३ साली दीड कोटी हेक्टरांच्या घरात जंगल जळाले, आणि धूर न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला. एका सहीमुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. एका सहीने ते टळलेही नसते. पण हवेला देशांच्या सीमा कळत नाहीत आणि सूचनापत्रेही वाचता येत नाहीत, एवढे त्यातून दिसते.

मान्यतेचा कागद १७ डिसेंबर २००२ चा. माघारीचा कागद १५ डिसेंबर २०११ चा. दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या एकाच दप्तरात नोंदलेले आहेत. मधली नऊ वर्षे, दोन दिवस कमी. माघारीचा कागद लिहिणाऱ्यांना आपण नावे ठेवतो, आणि ती ठेवावीतच. पण त्या नऊ वर्षांत रोजच्या रोज शब्द पाळण्याचे जे काम कोणीच अंगावर घेतले नाही, त्याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडत नाही.