किल्लारी भूकंप व घरांचे मजबुतीकरण

मराठवाड्यात 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेला विनाशकारी भूकंप आणि त्यानंतर राज्य शासनाने राबविलेला पुनर्वसन कार्यक्रम. भूकंप 6.2 मापाचा असून त्याचे केंद्र लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारीजवळ होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून लोक गाढ झोपेत असताना घरे कोसळली. किल्लारीसह उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आढळतो.

सहा ते सात मापाचे शंभरेक भूकंप जगात दरवर्षी होतात. किल्लारीत एवढी माणसे का दगावली, याचे उत्तर बहुतांशी तिथल्या भिंतीत आहे. दोन-अडीच फूट जाडीची ही भिंत दिसायला भक्कम. पण आतून-बाहेरून दगडांचे दोन वेगळे पदर, मधे गोटे आणि मातीची भर. दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर. ते गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर चढे आणि पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाढत जाई. हादऱ्याने भिंतीचे पदर फाकले आणि हा सारा भार झोपलेल्यांवर आला. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला.

दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने या समजाला तडा गेला, तरी किल्लारीचा परिसर भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच राहिला. 1992 मध्ये तिथे लहान धक्के बसूनही घरे सावरण्याचे काम झाले नाही. 2002 च्या सुधारित नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले.

जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसविली गेली. नव्या गावांचे रस्ते सरळ आखले गेले. जुने वाडे, गल्ल्या आणि शेजार तुटला. त्यामानाने कमी चर्चा झालेले काम अधिक मोलाचे मानावे लागेल: नुकसान झालेल्या दीड लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती व मजबुतीकरण. त्याची रीत गवंड्याला जमण्याजोगी होती. भिंतीतले मोजके दगड अलगद काढून आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. दारे-खिडक्यांच्या वर जाळी व सिमेंटचा पट्टा फिरवायचा, माळवदावरची जादा माती उतरवायची. दगडाची धास्ती घेतलेल्या अनेकांना विटा-सिमेंटचेच घर हवे होते. हीच भिंत सुरक्षित करता येते हे त्यांना पटवणे बांधकामापेक्षा अवघड होते.

या कामासाठी गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत महिला मंडळांनी ही जबाबदारी घेतली: अनुदानाची माहिती घरोघरी पोचवणे, सामानावर आणि बांधकामावर लक्ष ठेवणे. 2001 मध्ये कच्छात भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या.