नॉडिंग हेड्स गेम्स

पुणे येथील स्वतंत्र व्हिडिओ गेम निर्मितिसंस्था. श्रुती घोष, अविचल सिंग व इअन मॉड यांनी २०१७ साली स्थापन केलेल्या या संस्थेने त्याच वर्षी आपल्या पहिल्या खेळासाठी किकस्टार्टर या संकेतस्थळाद्वारा लोकवर्गणीचे आवाहन केले. परंतु ठरविलेली रक्कम जमली नाही, आणि संस्थापकांपैकी एकाने आपली सदनिका विकून भांडवल उभे केले, तेव्हाच त्या खेळाचे काम तडीस गेले.

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ही तिची पहिली व प्रमुख कृती १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक व अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाली. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेल्या, दुर्गेचे त्रिशूळ धारण करणाऱ्या राजी या मुलीची ही कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून उलगडत जाते. राजस्थानी वास्तुशिल्प, पहाडी लघुचित्रांची रंगसंगती आणि कथाप्रसंगांसाठी योजिलेला छायाबाहुल्यांचा खेळ यांचा या कृतीत झालेला मिलाफ केवळ सजावटीपुरता न राहता कथेच्या अंतरंगाशी एकजीव झाला आहे, हेच तिचे खरे सामर्थ्य होय. कथा मात्र काहीशी त्रोटक वाटते. ‘द गेम अवॉर्ड्स’च्या २०२० च्या पदार्पण-विभागात या कृतीला नामांकन लाभले.