आधी कोणते काम?

  १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेची तरतूद झाली. २०१५ पासून वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा गावानेच करावयाचा ठरला. कचेरीत अर्ज नोंदवताना दिसते, निधी थोडा, मागण्या फार: साकव, विहीर, वाडीचा रस्ता. आधी काय, हे सर्वांनी बसूनच ठरवावे. मात्र नुसता ठराव पुरत नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली सार्वजनिक तळी सर्वांना खुली केली, ती कागदावरच. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्यावर यावे लागले. तरी शेवटच्या वाडीलाही विचारावे आणि केलेला ठराव पाळावा, हीच ग्रामदेवतेचरणी प्रार्थना.