जुन्नरचा मुक्काम : यवन, द्राक्षमद्य आणि उतारू

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात लोणी नावाचे गाव आहे. पुणे जिल्ह्यात लोणी काळभोर आहे, लोणी कंद आहे. सबब या गावाची वाट विचारणाऱ्यास शेजारच्या गावाची जोड देऊन 'लोणी-धामणी' असेच म्हणावे लागते. हे नाव 'नवनीत' या शब्दापासून सिद्ध झालेल्या 'लोणी'वरून पडले की 'लवण' याच्या 'लोण' या प्राकृत रूपावरून, हा प्रश्न केवळ ध्वनिसाम्याच्या आधारे सुटणारा नाही. ऐकताक्षणी पटणारी व्युत्पत्ती अधिक काळजीने तपासावी, हा धडा आम्ही भाषाशास्त्राच्या वर्गात दरवर्षी देतो. तोच धडा इतिहासाच्या बाबतीत आम्ही स्वतः कसा विसरलो, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागाची दोन दिवसांची अभ्याससहल लोणीहून मंचर व नारायणगाव या मार्गाने जुन्नरला गेली. सहलीनंतर एका विद्यार्थिनीने आपल्या निबंधात असे विधान केले की, यवन व्यापाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरात आणलेली द्राक्षमद्याची परंपरा नारायणगावच्या द्राक्षमळ्यांत आजतागायत चालत आली आहे. विधानाला आधार काय, असे आम्ही समासात लिहिले. तिने नम्रपणे उत्तर दिले, 'सर, हे आपणच गाडीत सांगितले होते.' ते खरेच होते. दोन दिवसांच्या पाहुण्याला एखादे गोळीबंद वाक्य हवे असते आणि वाटाड्याला ते देण्याचा मोह होतो. या वाक्याचे तीन दुवे आहेत : जुन्नरातील यवन, परदेशी मद्याची आयात आणि नारायणगावची द्राक्षे. हे तिन्ही दुवे स्वतंत्रपणे खरे आहेत. ते एकमेकांत गुंतलेले आहेत काय, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम यवनांचा विचार करू. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी व तुळजा या समूहांत, दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतील प्राकृत शिलालेखांत तीन दाते स्वतःस 'यवन' म्हणवितात. इरिल याने दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी दिली; चिट याने संघाला 'भोजणमटप', म्हणजे भोजनमंडप दिला; चंद याने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च केला. इरिल व चिट यांच्या नावांपुढे 'गतान' असे पद येते. त्याचा संबंध युरोपातील गॉथ लोकांशी जोडण्याचा प्रयत्न पूर्वी झाला होता. परंतु तो सर्वमान्य झाला नाही. हे यवन कोठून आले, हे त्यांच्या लेखांवरून निश्चित होत नाही. त्यांनी काय दिले, हे मात्र निश्चित होते : पाणी, जेवणाची जागा आणि लेण्याचे दार. मद्याचा उल्लेख यांपैकी एकाही लेखात नाही. बौद्ध संघाला दिलेल्या दानात तो असण्याचे कारणही नाही.

दुसरा दुवा आयातीचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथे उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे; इटलीचे मद्य विशेष पसंत केले जाई आणि त्याखेरीज लाओदिकेयाचे व अरबस्तानचेही येई, असे ग्रंथकार सांगतो. मात्र कल्याण बंदराविषयी तोच ग्रंथकार लिहितो की, तेथील व्यापारावर त्याच्या काळी निर्बंध आले होते आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. जुन्नरचा समुद्राशी संबंध नाणेघाटाने, म्हणजे कल्याणच्या वाटेने होता. तेव्हा भडोचच्या यादीतील मद्य जुन्नरच्या पदरात घालण्यापूर्वी थांबणे अवश्य आहे.

उत्खननाचा पुरावाही पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने नेवासे येथे केलेल्या उत्खननात अँफोरा नावाच्या भूमध्यसागरी कुंभांची खापरे मिळाली, आणि अशा खापरांवरून दख्खनमधील रोमन मद्याच्या व्यापाराचे चित्र रेखाटले गेले. पुढे रॉबर्टा टॉम्बर यांनी भारतातील अशा खापरांची नव्याने पाहणी केली. रोमन म्हणून नोंदलेली बरीच खापरे प्रत्यक्षात मेसोपोटेमियाकडील, आतून डांबर लावलेल्या 'टॉर्पेडो' कुंभांची आहेत, असे त्यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले. हे कुंभ बहुतांशी उत्तरकालीन आहेत. आयात झालीच नाही असे यावरून ठरत नाही. परंतु प्रत्येक खापरावर रोमन मद्याची चिठ्ठी लावता येत नाही, एवढे ठरते. शिवाय कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले असून त्याचे कापिशायन व हारहूरक असे प्रकार सांगितले आहेत. ही नावे वायव्येकडील प्रदेशांची आहेत. याचा अर्थ असा की, द्राक्षमद्य भारतात परिचित होते, पण ते दूरदेशीचे म्हणून परिचित होते.

तिसरा साक्षीदार पंधराव्या शतकातील आहे, आणि आमच्या चुकीचे मर्म त्याच्याच लेखनात सापडते. अफानासी निकितिन हा त्वेर नगरचा रशियन व्यापारी चौल येथे उतरून पालीच्या मार्गाने घाट चढला आणि जुन्नरला आला. त्याचा हिंदुस्थानातील काळ १४६९ ते १४७२ असा पूर्वापार मानला जातो. १४७१ ते १४७४ असेही एक मत आहे. शहराचे नाव तो 'चुनेर' असे लिहितो. पावसाळा त्याने जुन्नरातच काढला. या ऋतूला तो 'हिवाळा' म्हणतो आणि चार महिने सर्वत्र पाणी व चिखल असल्याचे नोंदवतो. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा तेथील अधिकारी असदखान याने काढून घेतला व धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. परदेशी व्यापारी उतारूंच्या वाड्यांत उतरतात, तेथील यजमानीण त्यांचा स्वयंपाक करते व अंथरूण घालते, असेही तो सांगतो. यजमानिणींविषयी तो आणखी काही विधाने करतो. एका परक्या प्रवाशाची ती ऐकीव विधाने पुराव्यावाचून स्वीकारू नयेत.

निकितिन लिहितो की, येथील लोक 'विनो' तयार करतात. या शब्दाचा अर्थ 'द्राक्षमद्य' असा केला की, जुन्नरात द्राक्षमद्य सापडले असे वाटू लागते. पण पुढच्याच शब्दांत तो म्हणतो की, हे 'विनो' मोठ्या कवचफळाचे असते. त्याने दिलेले नाव फारसी 'जौझ' म्हणजे कवचफळ या शब्दाशी जुळते आणि ते फळ म्हणजे नारळ होय. तात्पर्य, त्याचे 'विनो' हे मद्याचे सामान्यनाम आहे. हे आपल्यास अपरिचित वाटू नये. मराठीत 'दारू' हा फारसीतून आलेला शब्द मुळात औषधवाचक आहे, तर आजच्या 'वाइन शॉप' या पाटीखाली द्राक्षमद्याखेरीज सर्व प्रकारची मद्ये विकली जातात. पाटीवरील शब्दावरून आतील माल ओळखू नये, हा नियम शिलालेख व प्रवासवर्णने यांनाही लागू आहे.

उरला नारायणगावचा दुवा. येथे १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ द्राक्षमद्याचा कारखाना उभारला. त्याची कीर्ती परदेशापर्यंत गेली. परंतु २०१० च्या सुमारास ती कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. दरम्यान २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले आणि मद्यपर्यटनाचे केंद्र नाशिककडे सरकले. जुन्नर परिसरातील द्राक्षे आज मुख्यतः खाण्यासाठी पिकविली जातात. येथील मद्योद्योगाचा इतिहास असा एका पिढीचा आहे. तो स्वतःच्या बळावर अभ्यासण्याजोगा आहे. त्याला दोन हजार वर्षांचा आधार देणे म्हणजे त्याचे खरे श्रेय व खरी शोकांतिका दोन्ही झाकणे होय.

मग जुन्नरात सातत्य कशाचे आहे? आमचे उत्तर असे की, ते मुक्कामाचे आहे. नाणेघाटातील सातवाहनांच्या लेण्यापासून पाहत गेल्यास वाटसरूच्या तीन गरजा पुनःपुन्हा पुढे येतात : पाणी, अन्न व निवारा. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. घाटाखालच्या गावचा मनुष्य घाटावर दान देतो, यातच या वाटेची वर्दळ दिसते. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी दिली. नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी व मंडप दिला. ही दाने संघासाठी होती, वाटसरूंसाठी नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ज्या डोंगरावर फेब्रुवारीनंतर झरा आटतो तेथे टाके कोरणाऱ्याला तहान ठाऊक होती. लोणीसारख्या गावात उन्हाळा काढलेल्या माणसास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

शब्दांची साक्षही हीच आहे. 'लेणे' हा शब्द 'लयन' यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ आश्रयस्थान असा आहे. 'मुक्काम' अरबीतून आला, 'सराई' फारसीतून, 'धर्मशाळा' संस्कृतातून. परंतु प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो आणि पाहुण्याला 'कोठे उतरलात?' असे विचारतो, ते शुद्ध देशी क्रियापदाने. इंग्रजीतून आलेले 'हॉटेल' मराठीत प्रथम खाण्याची जागा झाले, आणि झोपण्याच्या सोयीसाठी 'लॉज' हा वेगळा शब्द घ्यावा लागला. चिटाचा भोजनमंडप व श्रेणीच्या सात खोल्या यांच्यातही हाच भेद आहे. फरक एवढाच की, तेथे 'देयधम', म्हणजे धर्मदान, असे कोरलेले आहे आणि येथे दरपत्रक टांगलेले असते.

दोन दिवसांसाठी जाणाऱ्या अभ्यासकांना, चुकीतून शिकलेले काही सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. निकितिनचा चिखल पावसाळ्यात अजूनही भेटतो. पहिल्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढाव्यात, गिरिजात्मजाचे दर्शन घ्यावे आणि ते मंदिर मुळात एक विहार आहे हे ध्यानात ठेवून त्याच्या भिंतींतील खोल्या पाहाव्यात. दुपारनंतर शिवनेरीच्या अंगावरील लेणी पाहावीत. लेण्यांजवळ आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, अत्तर व आरडाओरड वर्ज्य. मुक्काम जुन्नर गावातच करावा आणि या तालुक्यात बिबट्यांचा वावर असल्याने अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटघरमार्गे नाणेघाट गाठावा. तेथील दगडी रांजण जकातीसाठी होता असे सांगितले जाते. तो पाहावा, पण लोकसमजूत म्हणूनच टिपून घ्यावा. परतताना मानमोडी करावी आणि नारायणगावी द्राक्षांचा हंगाम असल्यास द्राक्षे अवश्य घ्यावीत. ती गोड असण्यासाठी यवनांची शिफारस लागत नाही.

त्या विद्यार्थिनीचे गुण आम्ही वाढवून दिले. मूळ चूक ज्याची, त्याने ती दुरुस्त करणे क्रमप्राप्त होते. यंदाच्या सहलीत गाडीतील व्याख्यानाचे काम तिच्याकडे सोपविले आहे.