मचायस

मचायस : अमेरिकेच्या मेन राज्यातील वॉशिंग्टन काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या २,०६० (२०२०). कॅनडाच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या किनाऱ्यावर, मचायस नदीच्या मुखाजवळ वसलेले. ऐन गावात नदी खडकांवरून कोसळते. त्याखाली भरतीचे पाणी येते. १६३३ मध्ये इंग्रजांनी येथे घातलेली वखार फ्रेंचांनी लगेच मोडली. कायमची वस्ती १७६३ मध्ये झाली. वस्ती करणाऱ्यांनी धबधब्यावर लाकूड कापण्याची गिरणी चालवली आणि फळ्या बॉस्टनला विकून धान्य आणायचे, असा गावाचा संसार सुरू झाला.

अमेरिकन वसाहतींच्या १७७५ च्या बंडात हाच व्यवहार पेटला. बॉस्टनमधील ब्रिटिश फौजेला बराकींसाठी लाकूड हवे होते. इकबोड जोन्स हा व्यापारी धान्याने भरलेली दोन गलबते घेऊन आला. सोबतीला ‘मार्गारेटा’ ही मिडशिपमन (कनिष्ठ नौदल अधिकारी) जेम्स मूरची सशस्त्र नौका होती. गाव उपाशी होते, तरी लाकूड द्यायचे की नाही यावर दुफळी माजली. ११ जूनला, रविवारी, मूरला चर्चमध्येच धरायचा बेत ठरला. तो खिडकीतून निसटला. दुसऱ्या दिवशी जेरेमाया ओब्रायन व त्याचे भाऊ जोन्सचेच ‘युनिटी’ गलबत घेऊन पाठलागावर निघाले. बंदुका थोड्या, दारू त्याहून थोडी. बाकीच्यांच्या हातांत कुऱ्हाडी आणि गवत उचलायची दाताळी होती. गलबत नौकेला भिडवून त्यांनी ती काबीज केली. मूर जखमी होऊन दुसऱ्या दिवशी मरण पावला. जखमींना ठेवले ती बर्नहॅम टॅव्हर्न (१७७०) आज संग्रहालय आहे.

ब्रिटिश नौदलाला हा अपमान झोंबला. ॲडमिरल ग्रेव्ह्ज याने ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावरची गावे जाळण्याचा हुकूम काढला, त्यात मचायसचा उल्लेख खास होता. हुकूम घेऊन निघालेला कॅप्टन मोवॅट तेथवर पोचलाच नाही. १८ ऑक्टोबरला जळाले ते फॅल्मथ, म्हणजे आजचे पोर्टलंड.

शाळेच्या पुस्तकांत ‘मार्गारेटा’च मिरवते, पण खरा आरमारी हल्ला झाला तो १७७७ मध्ये, आणि गावाच्या कर्तबगारीत तोच अधिक भरीव मानावा लागतो. ब्रिटिशांच्या ताब्यातील नोव्हा स्कोशियावर येथून स्वारी होणार, अशी खबर ब्रिटिश नौदल अधिकारी सर जॉर्ज कॉलियरला लागली होती. ‘रेनबो’, ‘ब्लोंड’, ‘मर्मेड’ व ‘होप’ ही जहाजे घेऊन १३ ऑगस्टला तो नदीच्या मुखाशी आला. मोठी जहाजे अरुंद पात्रात शिरेनात, म्हणून ‘होप’ आणि खलाशी-सैनिकांनी भरलेल्या होड्या पुढे पाठवल्या. गावच्या मिलिशियाने ओंडके एकमेकांना जखडून नदीत आडवे टाकले होते. लाकूडतोड्यांच्या गावाला हा बांध जड गेला नसावा. ब्रिटिशांनी तो तोडला, किनाऱ्यावरच्या इमारती जाळल्या आणि ते वर सरकले. मात्र दोन्ही काठांच्या झाडीतून गोळ्या येऊ लागल्या. त्यात गावकऱ्यांच्या बरोबरीने पासामक्वोडी, पेनॉबस्कॉट व मॅलिसीट या मूळनिवासी जमातींचे लढवय्ये होते. नोव्हा स्कोशियातून आलेल्या जॉन ॲलनने त्यांच्याशी संधान बांधले होते. फ्रान्सिस जोसेफ नेपच्यून या पासामक्वोडी पुढाऱ्याने लांबच्या पल्ल्यावरून एका ब्रिटिश अधिकाऱ्याला टिपल्याची आख्यायिका अजून सांगितली जाते. अखेर आरमार मागे फिरले. विजयाचा दावा दोघांनीही केला. कॉलियरचा दावा अगदीच पोकळ नव्हता, कारण नोव्हा स्कोशियाची स्वारी पुढे झालीच नाही.

पुढच्या युद्धात, सप्टेंबर १८१४ मध्ये, ब्रिटिश पुन्हा आले. या वेळी फारसा प्रतिकार न होता गाव त्यांच्या हाती पडले.

१८२६ मध्ये ईस्ट मचायस व मचायसपोर्ट वेगळी झाली. त्यामुळे नदीमुखाजवळच्या ओब्रायन किल्ल्याचे मातीचे तट आज मचायसपोर्टच्या हद्दीत येतात, लढायांचे श्रेय मात्र मचायसच्या नावावर आहे. ओब्रायनचे नाव दिलेले, १९४३ मध्ये मेनमध्येच बांधलेले मालवाहू जहाज सॅन फ्रान्सिस्कोत जतन केले आहे. १९९४ मध्ये ते नॉर्मंडीपर्यंत जाऊन आले.

१९०९ मध्ये निघालेल्या अध्यापन विद्यालयाचे पुढे मेन विद्यापीठाचे केंद्र झाले. लोकसंख्या २,३५३ (२०००), २,२२१ (२०१०). रानटी ब्लूबेरी हे मुख्य पीक. ऑगस्टमध्ये तिचा उत्सव भरतो. लाकडाचा धंदा पूर्वीसारखा राहिलेला नाही.