नऊ लिटरच्या दोन बादल्या

मागच्या हिवाळ्यात रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँचने गेलो. लाइफ जॅकेट मागितलं तर खलाशी हसला. "काय नाय होत साहेब, रोजचं आहे." जॅकेटं होती, पण छताला सुतळीने करकचून बांधलेली. तेव्हाच ठरवलं, यावर लिहायचं.

आपण कर्जत-खालापूरवाले डोंगराकडचे. पण आपली पाताळगंगा शेवटी धरमतरच्या खाडीलाच मिळते, आणि मुंबईला जायला आपलीही माणसं कधी ना कधी लाँचमध्ये बसतात. याच रेवसच्या वाटेवर १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. पोहून वाचलेल्यांनी सांगितलं, तेव्हा मुंबईला कळलं.

आता मुंबईतच सागवानात बांधलेल्या एका होडीची गोष्ट. नाव 'सुहेली', लांबी ३२ फूट. शर्यतीची नव्हे, सावकाश प्रवास करायची शिडाची होडी. १९६८ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तीच घेऊन एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरला. नऊ जण निघाले, ३१२ दिवसांनी पोचला तो एकटा. त्याचा रेडिओ बंद पडला होता. तो जिवंत आहे की नाही, हे कित्येक महिने कुणाला ठाऊक नव्हतं. एक स्पर्धक परत आलाच नाही, एकाची होडी बुडाली. निघण्याआधी होडी तपासायची अटच नव्हती.

पुढे १९७९ ला इंग्लंडच्या फास्टनेट शर्यतीत वादळात १५ खलाशी गेले, आणि नियम कडक झाले. आज खोल समुद्रातल्या शर्यतीला साधी प्रवासी होडी न्यायची तरी यादी पुरी करावी लागते. तराफा, संकटात उपग्रहाला इशारा देणारं यंत्र, अंगाला बांधायचा पट्टा, गळती बुजवायला लाकडी खुंट्या. इतकंच काय, दोरी बांधलेल्या नऊ लिटरच्या दोन मजबूत बादल्यासुद्धा! आणि सगळ्यात आधी लिहिलंय, जबाबदारी होडीच्या प्रमुखाची, ती दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

याचा उपयोग काय? २०१८ ला आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात 'सुहेली'च्याच धर्तीवर बांधलेली 'थुरिया' घेऊन तशाच शर्यतीत होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला मार बसला, उभं राहता येईना. पण इशारा गेला, उपग्रहावरून निरोप गेला. २४ तारखेला फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. सक्तीने सोबत दिलेल्या वस्तूच कामी आल्या.

भर महासागरात एकटा माणूस सापडतो, आणि आपल्याकडे तासाभराच्या वाटेवर जॅकेट सुतळीत!

पुढच्या वेळी लाँचमध्ये बसताना जॅकेट सुटतं का ते बघा. सुटत नसेल तर फोटो काढून मला पाठवा. बातमी मी करतो.