पेटीत काय भरावे? नवगाव ते दुबई मरीना



गेल्या जानेवारीत आमच्या घरची तीन देशांतली माणसे दुबई मरीनामधल्या एका फ्लॅटमध्ये जमली. फ्लॅट भाच्याचा, तो तिथे नोकरीला असतो. ठाण्याहून आम्ही, अश्दोदहून आत्या आणि तिची नातवंडे, लंडनहून धाकटा भाऊ. काही दिवस दुबईत राहायचे आणि मग सर्वांनी मिळून इस्राएलला जायचे, असा बेत होता.

पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा चुकल्याचे कळले. मरीना म्हणजे वाळूत खणून समुद्राचे पाणी आत घेतलेला सुमारे तीन किलोमीटरांचा कालवा, आणि दोन्ही काठांना उंच उंच इमारती. जानेवारीत दुपारी तिथे चोवीस-पंचवीस अंश असतात, पण दिवस मावळला की पारा पंधराच्या आसपास येतो आणि पाण्यावरून वारा सुटतो. अश्दोदची मुले अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांत कुडकुडत होती. दुबई म्हणजे वाळवंट, म्हणून त्यांनी गरम कपडे घेतलेच नव्हते. लंडनच्या भावाने एकच जाडजूड कोट आणला होता. तो दिवसा घालवेना आणि बॅगेतही मावेना. आणि आम्ही ठाणेकरांनी अर्धी पेटी पोहे, गूळ आणि नारळ यांनी भरली होती. हे सगळे बर दुबईच्या मीना बाजारात मिळते.

आत्या नातवंडांकडे बघून हसली. "वाळवंट म्हणून सुती कपडे आणलेत ना? आम्हीही तेच केलं होतं, त्रेसष्ट साली."

त्या रात्री बाल्कनीत बसून जे बोलणे झाले, त्यातून हा लेख झाला आहे. पेटीत काय भरावे हा प्रश्न साधा वाटतो. पण आपल्या समाजाचा इतिहास पाहिला, तर तो दर पिढीला नव्याने पडलेला आहे.

मुळात आपल्या इतिहासाची सुरुवातच सामान बुडण्यापासून होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकी सारे समुद्राने नेले, असे आपले वाडवडील सांगत आले. पोथ्या गेल्या, आणि उरले ते तोंडपाठ असलेले 'शेमा'. ही परंपरा आहे. तिचा काळ कोणता, यावर अभ्यासकांची मते वेगवेगळी आहेत. पण ती सांगते ते आपण लहानपणापासून ऐकले आहे: पेटी बुडाली, पाठ केलेले तरले.

पुढे कितीतरी पिढ्या आपल्या लोकांना पेटी लागलीच नाही. शनिवार तेली कोकणात घाणा चालवीत, शेती करीत. पावसाला इरले आणि थंडीला घोंगडी एवढ्यावर वर्ष निघत असे. जग बदलले ते मुंबईत गेल्यावर. कंपनी सरकारच्या फौजेत आपले लोक मोठ्या संख्येने शिरले. ज्या सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले, तेही फौजेतलेच. फौजेची नोकरी म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे पत्र्याची ट्रंक नि वळकटी.

१८३९ च्या जानेवारीत इंग्रजांनी एडन घेतले, ते मुंबईहून गेलेल्या फौजेने. त्यानंतर १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालला. त्यामुळे आपल्या शिपायांना आणि कारकुनांना एडन हे परदेश वाटतच नसे. पुणे, कराची, तसेच एडन. पण हवा मात्र कोकणाची नव्हती. पाऊस जवळजवळ नाही, पाणी साठवायला डोंगरात खोदलेले जुने हौद आणि चहूकडे काळा तापलेला खडक. कराचीला गेलेल्यांनी तिथे एवढा जम बसवला, की १८९३ मध्ये मागेन शालोम सिनेगॉग उभे राहिले. कराचीहून पुढे क्वेट्ट्याला बदली झाली, तर हिवाळ्यात बर्फ. कोकणातल्या माणसाने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो बहुधा अशाच एखाद्या बदलीत.

दुबईही या नकाशाच्या बाहेर नव्हती. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटी कराचीवरून आखातातली बंदरे घेत जात. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात रुपयाच चालत असे. शेवटची काही वर्षे तो आखातासाठी वेगळा छापलेला रुपया होता, इतकेच.

मग आले इस्राएल. इथे पेटी भरण्याचा अर्थच बदलला. एडनला गेलेला माणूस पेन्शनीला परत येणार होता. इस्राएलला निघालेल्यांनी घर मोडले, भांडी वाटली आणि कायमचे म्हणून सामान बांधले.

आत्याची हकीकत अशी. लग्नाला वर्ष झालेले. १९६३ च्या डिसेंबरात ती लोदच्या विमानतळावर उतरली आणि तिथून थेट दिमोना. ट्रंकेत सुती लुगडी, दोन रेशमी साड्या, पितळेचे तांबे आणि काळ्या मनुकांची पुरचुंडी. मनुका शुक्रवारच्या किद्दुशच्या सरबतासाठी. गरम कपडा एकही नव्हता. कारण मुंबईत सगळ्यांनी सांगितले होते, नेगेव म्हणजे वाळवंट, तिथे लोकरीचे काय काम?

नेगेव वाळवंट आहे हे खरेच. पण दिमोना समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंचावर आहे. कोरड्या हवेत आणि उघड्या आभाळाखाली जमीन दिवसा जशी पटकन तापते, तशी रात्री पटकन निवते. कोकणात हवेतली वाफ रात्री पांघरुणासारखी काम करते, वाळवंटात ते पांघरूण नसते. हे भूगोलाच्या पुस्तकात होते, पण निघताना कोणाच्या डोक्यात नव्हते. आत्याने पहिला हिवाळा साडीवर नवऱ्याचा कोट घालून काढला. शेजारी मोरोक्कोहून आलेले कुटुंब होते. त्या बाईने न विचारता एक ब्लँकेट आणून दिले. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. आत्याने तिला मनुकांचे सरबत दिले, तिने ते चाखून पाहिले आणि ग्लास रिकामा करून परत दिला. "कोट मागून मिळतो, ब्लँकेट मागून मिळतं," आत्या म्हणाली, "मनुका कोणाकडे मागणार होते?"

तो काळ केवळ हवेमुळे कठीण नव्हता. त्याच्या आधी, १९५२ मध्ये, तेल अवीवला धरणे धरून आपली काही कुटुंबे मुंबईला परतली होती, आणि त्यांतली बरीच पुढे पुन्हा गेली. साठीच्या दशकात तर विवाहाच्या बाबतीत आपल्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असे ठरवले, तेव्हा तो प्रश्न मिटला. आत्या त्या वेळी दिमोनातच होती. तिच्या मनात ती दोन थंड वर्षे एकच आहेत: कपडे पुरे नव्हते आणि आपण कोण हे लोकांना सांगावे लागत होते.

त्यानंतर घर दोन पासपोर्टांत वाटले गेले. भारत आणि इस्राएल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जुळले, तरी आखातातली दारे इस्राएली पासपोर्टाला बंदच होती. भाचा दुबईत नोकरीला लागला तेव्हा आत्या त्याला भेटू शकत नव्हती. १५ सप्टेंबर २०२० ला अमिरातींशी करार झाला, नोव्हेंबरात दुबई आणि तेल अवीव यांच्यामध्ये नियमित विमाने सुरू झाली. आत्याला बॅग भरायला त्यानंतरही काही वर्षे लागली. पण भरली.

आता कामाचे. आमच्या चुकांवरून शिकलो ते सांगतो.

एकाच प्रवासात दोन-तीन हवामाने असतील, तर जाड एक कपडा नेण्यापेक्षा पातळ तीन न्यावेत आणि एकावर एक चढवावेत. आत सुती, वर पातळ लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट. दुबईत संध्याकाळी स्वेटर पुरतो. जेरुसलेमला जानेवारीत दिवसादेखील दहा-बारा अंश असतात आणि पाऊस लागतो, तिथे तिन्ही चढवावे आणि पायांत बंद बूट घालावे. तिथून मोटारीने तासाभरात मृत समुद्राला उतरता, म्हणजे समुद्रसपाटीच्याही सव्वाचारशे मीटरांहून खाली. तिथे जाकीट आणि स्वेटर काढून हातात येतात.

मे ते सप्टेंबर दुबईला जाणार असाल, तर बाहेर चाळीसच्या वर आणि आत एसी. मॉलमध्ये म्हातारी माणसे गारठतात. पातळ शाल हाताशी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे तिथे सोयीचे. पावसाळ्यात नवगाव-अलिबाग बघायला येणाऱ्या परदेशी नातवंडांनी जीन्स आणू नये, ती चार दिवस वाळत नाही.

खसखस दुबईला कदापि नेऊ नका, तिथे तिच्यावर बंदी आहे. घरच्या मसाल्यात, अनारशांवर ती असते आणि आपल्या लक्षात येत नाही. विड्याची पानेही नकोत. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, कारण आपल्याकडची काही साधी खोकल्याची आणि दुखण्याची औषधे तिथे परवानगीशिवाय चालत नाहीत. आणि निघण्याआधी आपापल्या सरकारच्या प्रवासाच्या सूचना वाचा. आजकाल त्या हवेपेक्षाही लवकर बदलतात.

एवढे सगळे सांगून झाल्यावर, आम्ही खरे काय विसरलो ते सांगायचे राहिले आहे.

तू बिश्वत जवळ आला होता. त्या सुमारास अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या ठिकाणी आपली मंडळी जातात. आपण सगळे इथे आहोत तर मलिदा करू, असे ठरले. पोहे भिजले, गूळ-खोबरे कालवले, वेलची पडली, फळे मांडली, गुलाबाची फुले आली. आणि मग लक्षात आले, की पुस्तक कोणीच आणलेले नाही. अश्दोदच्या मुलांना हिब्रू सहज वाचता येते, पण मलिद्याचा क्रम माहीत नाही. आमच्या मुलांना चाल येते, पण शब्दांसाठी देवनागरीतले पुस्तक लागते. लंडनच्या भावाने मोबाइलवर एलियाहू हन्नाबी शोधून काढले. ते निघाले भलत्याच चालीत. मुलांनी दोन ओळी म्हणून पाहिल्या आणि थांबली.

आत्याने डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटून सुरुवात केली. सगळे पाठ होते. मध्ये एकदा अडखळली, मागे जाऊन पुन्हा धरले. आम्ही तिच्या मागून म्हणत गेलो. खाली कालव्यात दिव्यांच्या नावा फिरत होत्या.

मलिदा खाताना अश्दोदची नात म्हणाली, "आजी, तू नसतीस तर?" आत्याने तिच्या ताटलीत अजून एक केळे ठेवले. उत्तर दिले नाही. ती ब्याऐंशी वर्षांची आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पुन्हा सगळे म्हणायला लावले आणि मोबाइलवर उतरवून घेतले. मुलांनी ते वहीत दोन लिप्यांत लिहिले, डावीकडे हिब्रू, उजवीकडे देवनागरी. ती वही आता तिन्ही घरी आहे.

नवगावला जे वाचले ते पाठ होते म्हणून वाचले. आपल्या नातवंडांचे पाठांतर आपल्याएवढे नाही, म्हणून त्यांना वही लागेल. स्वेटर, जाकीट, छत्री जिथे जाल तिथे विकत मिळेल. पुढच्या प्रवासाला बॅग उघडाल, तेव्हा आधी तळाशी ते पुस्तक ठेवा. पुस्तक नसेल, तर घरातल्या थोरल्या माणसाजवळ आजच बसा आणि लिहून घ्या. मग कपडे.